मालेक बेन्नाबी : संस्कृतीचा ऱ्हास, पुनरुत्थान आणि 'वसाहतयोग्यता'

ओसरी

उत्तर आफ्रिकेतील मुस्लिम विचारवंतांनी संस्कृतींच्या उदयास्ताविषयी काय म्हटले, हा विषय निघाला की चर्चा इब्न खल्दूनपाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच थांबते. त्याच्यानंतर जवळजवळ पावणेसहाशे वर्षांनी, त्याच मगरिबच्या, म्हणजे उत्तर आफ्रिकेच्या पश्चिम भागाच्या, भूमीत, फ्रेंच अमलाखालच्या अल्जीरियात मालेक बेन्नाबी यांनी तो प्रश्न पुन्हा हाती घेतला आणि त्याला वेगळे वळण दिले. हा धागा मुख्यतः बेन्नाबींविषयी आहे. माझे म्हणणे असे, की इब्न खल्दूनने ऱ्हासाचे निदान केले, परंतु त्यावर इलाज नाही असेही बजावले; बेन्नाबींनी ते निदान बव्हंशी स्वीकारले, मात्र रोगी बदलला. राजघराण्याच्या जागी त्यांनी संपूर्ण समाज ठेवला, आणि म्हणूनच नव्याने सुरुवात कशी होऊ शकते हा प्रश्न त्यांना विचारता आला. त्याची किंमत म्हणून त्यांच्या गळ्यात एक अशी संकल्पना पडली, जिच्यावरून आजही वाद होतात. तिच्याकडे शेवटी येतो.

आधी इब्न खल्दून. १३३२ साली ट्यूनिसमध्ये जन्मलेल्या या माणसाने प्लेगच्या साथीत आई-वडील गमावले, फेझ, ग्रॅनडा, बिजाया अशा दरबारांत चाकरी केली, फेझला जवळजवळ दोन वर्षे तुरुंगातही काढली. १३७५ मध्ये तो राजकारणाला विटून आजच्या अल्जीरियातील कलअत इब्न सलामा या गढीत जाऊन राहिला आणि १३७७ मध्ये 'मुकद्दिमा'चा, म्हणजे आपल्या इतिहासग्रंथाच्या प्रस्तावनेचा, पहिला खर्डा त्याने पाच महिन्यांत लिहून काढला. त्याचा सिद्धान्त सर्वपरिचित आहे. वाळवंटात आणि डोंगरात खडतर जीवन जगणाऱ्या टोळ्यांमध्ये जी घट्ट एकजूट असते, तिला तो असबिया म्हणतो. त्या एकजुटीच्या बळावर टोळी शहर जिंकते, राज्य करू लागते, सुखवस्तू होते, आपल्याच भाऊबंदांना दूर सारून भाडोत्री सैन्यावर विसंबते आणि साधारण तीन पिढ्यांत, म्हणजे चाळीसच्या हिशेबाने एकशेवीस वर्षांत, पुढच्या टोळीचे भक्ष्य होते. राज्याच्या आरंभी कराचे दर कमी असूनही वसूल भरपूर असतो, तर अखेरीस दर चढे असूनही वसूल घटतो, हे त्याचे निरीक्षण आजचे अर्थशास्त्रज्ञही उद्धृत करतात.

अन्यायामुळे मुलूख ओसाड होतो हे सांगताना त्याने इराणी परंपरेतली घुबडांची एक गोष्ट दिली आहे. बहराम राजा आपल्या मोबेदाला, म्हणजे धर्मगुरूला, विचारतो, की ही घुबडे काय बोलत आहेत? मोबेद सांगतो, की नराला मादीशी लग्न करायचे आहे आणि मादीने बहरामच्या कारकिर्दीत उजाड झालेली वीस गावे मागितली आहेत. नर म्हणतो, हा राजा असाच राज्य करीत राहिला तर वीसच काय, हजार गावे देईन. राजा चपापतो आणि मोबेदाला बाजूला नेऊन खुलासा विचारतो. तेव्हा मोबेद हिशेब मांडतो : सैन्याला पैसा लागतो, पैसा शेतसाऱ्यातून येतो, सारा लागवडीतून येतो आणि न्याय असेल तरच लागवड होते, तुम्ही मात्र कसणाऱ्यांच्या जमिनी काढून हुजऱ्यांना आणि आळशांना वाटल्या. गोष्टीतला राजा सुधारतो. परंतु इब्न खल्दूनच्या एकंदर मांडणीत अशा सुधारणेला फारसे स्थान नाही. राज्याला म्हातारपण आले की ते जात नाही, असे तो स्पष्ट म्हणतो. विझण्यापूर्वी वात एकदा मोठी होते, तसा शेवटी थोडा जोर दिसला तरी त्याने फसू नये, असा इशाराही देतो.

आता बेन्नाबी. जन्म १९०५, कॉन्स्टँटीन शहरातला. बालपण तेबेसा या वाळवंटाच्या सीमेवरील गावातले. पॅरिसमध्ये त्यांनी विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. फ्रेंचमध्ये लिहिलेला 'पुनरुत्थानाच्या अटी' हा ग्रंथ १९४९ चा आणि 'इस्लामचे कार्य' हा १९५४ चा. १९५६ मध्ये ते कैरोला गेले, स्वातंत्र्यानंतर १९६३ मध्ये परतले, उच्च शिक्षणाचे संचालक झाले, १९६७ मध्ये ते पद सोडले आणि १९७३ मध्ये अल्जीयर्स येथे वारले.

अभियंत्याला शोभेल असेच त्यांचे सूत्र आहे : माणूस, माती आणि काळ या तिन्हींच्या संयोगातून संस्कृती घडते. हे तिन्ही घटक प्रत्येक गरीब देशाजवळ असतात, मग संस्कृती आपोआप का उभी राहत नाही? बेन्नाबींचे उत्तर असे, की हायड्रोजन आणि ऑक्सिजन शेजारी ठेवले म्हणून पाणी होत नाही. संयोग घडवणारे काहीतरी लागते. इतिहासात ते काम धार्मिक कल्पनेने केले. हे त्यांनी केवळ इस्लामपुरते म्हटलेले नाही. युरोपच्या घडणीत ख्रिस्ती कल्पनेने तेच कार्य केले, असे ते मानत.

या कल्पनेच्या जोरावर समाज तीन अवस्थांतून जातो. पहिल्या अवस्थेत आत्म्याची सत्ता असते. तिचे उदाहरण म्हणून ते पैगंबरांचा आरंभीचा अनुयायी, गुलाम बिलाल याचा प्रसंग देतात : छळ सोसत असतानाही 'एकच, एकच' असे उच्चारणारा तो आवाज शारीर प्रवृत्तीचा असूच शकत नाही, कारण प्रवृत्ती अशा वेळी शरण जायला सांगते. ६५७ मधील सिफ्फीनच्या लढाईनंतर, म्हणजे मुस्लिमांमधल्या पहिल्या यादवीनंतर, बुद्धीची अवस्था येते. ज्ञान, कला, शहरे, साम्राज्य हे सगळे वैभव तिच्यातले असले, तरी मूळ ओढ मंदावत गेलेली असते. तिसऱ्या अवस्थेत प्रवृत्ती पुन्हा मोकाट सुटते. १२६९ मध्ये मगरिबवर राज्य करणाऱ्या मुवह्हिद घराण्याची सत्ता संपली त्या सुमारापासून ही अवस्था सुरू झाली असे बेन्नाबी मानतात आणि तिच्यातून घडलेल्या माणसाला ते 'मुवह्हिदोत्तर माणूस' म्हणतात. हा माणूस नमाज पढतो, परंतु त्याची श्रद्धा समाजात काही निर्माण करीत नाही. तो हक्क मागतो आणि कर्तव्याचा विचार टाळतो. वस्तू विकत घेतल्या की आपण आधुनिक झालो, अशी त्याची समजूत असते.

या शेवटच्या मुद्द्यावर बेन्नाबींची लेखणी सर्वांत धारदार होते. संस्कृती आपल्या वस्तू जन्माला घालते, वस्तूंचा ढीग रचून संस्कृती जन्माला घालता येत नाही, असे ते परोपरीने सांगतात. मुस्लिम जग पाश्चात्त्य संस्कृतीच्या औषधालयात शिरलेल्या आणि आपल्याला झाले आहे काय हे न विचारता दिसेल ती गोळी गिळणाऱ्या रोग्यासारखे वागते. जपान त्याच दारात विद्यार्थी म्हणून उभा राहिला आणि आपण गिऱ्हाईक म्हणून, हा त्यांचा सारांश आहे.

याच विचारातून 'वसाहतयोग्यता' ही संकल्पना येते. परकी सत्ता आली ती समाज आतून तिच्यासाठी तयार झाला होता म्हणून, आणि ती जायची असेल तर आधी ही आंतरिक पात्रता जायला हवी. 'लोक स्वतःच्या अंतरात जे आहे ते बदलीत नाहीत, तोवर अल्लाह त्यांची स्थिती बदलीत नाही', हे कुराणवचन त्यांच्या सगळ्या विचाराच्या मुळाशी आहे. मला ही संकल्पना पुरती पटते असे नाही, परंतु ती टाळून पुढे जाता येते असेही वाटत नाही. जाणकारांनी लिहावे.

जुना नकाशा

लेख मुद्देसूद आहे, परंतु ज्या संकल्पनेपाशी आपण शेवटी आलात तिच्याविषयी माझा तीव्र आक्षेप आहे. १८३० मध्ये फ्रेंच सैन्य उतरले आणि पहिल्या काही दशकांतच वक्फच्या मिळकती सरकारजमा झाल्या. मदरसे, मशिदी, विद्यार्थ्यांचे जेवणखाण आणि शिक्षकांचे पगार या मिळकतींवर चालत असत. त्या गेल्यावर शिक्षणाची जुनी व्यवस्था कोसळली आणि नवी फार थोड्यांच्या वाट्याला आली. १८७१ चे मोकरानीचे बंड मोडल्यावर कबाईल प्रदेशात प्रचंड दंड आणि जमिनींची जप्ती झाली. १८७३ च्या कायद्याने सामायिक जमिनींचे तुकडे पाडून त्या बाजारात आणल्या, १८८१ पासून मुस्लिमांसाठी वेगळी दंडसंहिता लागू झाली. एवढे सगळे घडल्यानंतर शिल्लक राहिलेल्या माणसाकडे पाहून 'याच्यातच दोष होता' असे म्हणणे, म्हणजे दरोडा पडलेल्या घराच्या मालकाला कडी का लावली नव्हतीस एवढेच विचारत बसण्यासारखे आहे. अब्देल कादिरने १८३२ पासून १८४७ पर्यंत फ्रेंचांविरुद्ध जो लढा दिला, तो वसाहतयोग्य समाजाचा लढा होता काय?

ओसरी

अब्देल कादिरचा प्रश्न रास्त आहे आणि बेन्नाबींना त्याचे महत्त्व ठाऊक होते. त्यांच्या लेखी तो शौर्याचा अध्याय होता, परंतु शौर्याने समाजाची घडण बदलली नाही. मात्र त्यांनी वसाहतवाद्याला सोडून दिले, हे मला मान्य नाही. त्यांची मांडणी दोन गुणकांची आहे. पहिला गुणक बाहेरचा : वसाहतवादी सत्ता पद्धतशीरपणे माणसाची किंमत कमी करते, त्याला शिक्षण, काम, आरोग्य नाकारते, त्याला 'देशी' असे लेबल लावून त्याच्या क्षमतेला कुंपण घालते. दुसरा गुणक आतला : तो माणूस त्या कमी केलेल्या किमतीला स्वतःच मान्यता देतो आणि जे कुंपणाच्या आत करता आले असते तेही करीत नाही. दुसऱ्या गुणकाकडे त्यांनी अधिक लक्ष दिले याचे कारण ते सरळ सांगतात. पहिला आपल्या हातात नाही, दुसरा आहे.

यासाठी त्यांनी दिलेली दोन उदाहरणे लक्षात घेण्याजोगी आहेत. १९४० नंतर फ्रान्सच्या व्हिशी सरकारने, म्हणजे पराभवानंतर जर्मनीशी सहकार्य करणाऱ्या सरकारने, अल्जीरियातील ज्यूंवर निर्बंध लादले. त्यांची मुले शाळांतून काढली, व्यावसायिकांना व्यवसायबंदी केली. त्या समाजाने घरांतच वर्ग भरवले. शिकलेल्यांनी मुलांना शिकवायला घेतले आणि निर्बंधांचा हेतू बराचसा निष्फळ केला. तेच निर्बंध आपण पिढ्यानपिढ्या सोसतो आहोत, मग आपल्या सुशिक्षितांनी असे वर्ग का भरवले नाहीत, असा बेन्नाबींचा सवाल आहे. दुसरे उदाहरण येमेनचे. तिथे वसाहतवादी आला नाही, तरी तो देश मागेच राहिला. उलट १९४५ चा जर्मनी परकी सैन्याच्या ताब्यात होता, पण म्हणून तो वसाहत झाला नाही.

खडूफळा

ज्यूंच्या उदाहरणाकडे जरा निरखून पाहिले पाहिजे, कारण वरवर ते फार प्रभावी वाटते. १८७० च्या क्रेमिओ अध्यादेशाने अल्जीरियातील बहुसंख्य ज्यूंना सरसकट फ्रेंच नागरिकत्व मिळाले. त्यानंतर सत्तर वर्षे त्यांची मुले फ्रेंच शाळांत शिकली, वकील झाली, डॉक्टर झाली, शिक्षक झाली. १९४० च्या ऑक्टोबरमध्ये व्हिशी सरकारने तो अध्यादेश रद्द केला तेव्हा शाळेतून काढलेल्या मुलांना शिकवायला शाळेतून काढलेलेच शिक्षक उपलब्ध होते. मुस्लिम समाजाला त्या सत्तर वर्षांत नागरिकत्वही नव्हते आणि शाळाही पुरेशा नव्हत्या. दोन समाजांवर एकच निर्बंध लागू होते, हे गृहीतच चुकीचे ठरते. येमेनविषयीही तेच. एडन १८३९ पासून ब्रिटिशांकडे होते आणि उत्तरेकडील भाग १९१८ पर्यंत उस्मानी सत्तेखाली होता; त्यानंतरच्या इमामशाहीला 'वसाहतमुक्त' म्हणता येईल, पण त्या भागाचे मागासपण मनोवृत्तीतून आले की भूगोल, कोंडमारा आणि एकाधिकारशाही यांतून, हे त्या उदाहरणावरून सिद्ध होत नाही.

शिवाय बेन्नाबी म्हणतात तसे वर्ग मुस्लिमांनी भरवलेच नाहीत, असेही नाही. त्यांच्याच कॉन्स्टँटीनमध्ये अब्देल हमीद बेन बादीस यांनी शिकवण्याचे अखंड व्रत घेतले होते. १९३१ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली उलेमांची संघटना स्थापन झाली आणि तिने लोकवर्गणीवर अरबी शाळांचे जाळे उभे केले. सरकारने त्या शाळांवर परवान्यांचे निर्बंध घातले, शिक्षकांना दंड केले, तरी त्या चालल्या.

ओसरी

क्रेमिओ अध्यादेशाचा मुद्दा निर्णायक आहे. ते उदाहरण बेन्नाबींच्या बाजूने उभे राहत नाही. परंतु बेन बादीस यांच्या चळवळीला बेन्नाबींनी कमी लेखले नव्हते. त्यांच्या मते अल्जीरियातील खरी जागृती तिथूनच सुरू झाली. त्यांचा राग १९३६ च्या घटनेवर होता. त्या वर्षी मुस्लिम काँग्रेसचे शिष्टमंडळ हक्कांची मागणी घेऊन पॅरिसला गेले आणि उलेमा त्यात सामील झाले. माणूस घडवण्याचे हळू चालणारे काम सोडून मतपेटी आणि मागण्या यांच्या मागे धावण्याचा तो क्षण होता, असे बेन्नाबी म्हणतात; पूर्वी लोक पिराच्या ताविजापाशी जात, आता मतपत्रिकेपाशी जाऊ लागले, अशा आशयाची बोचरी टीका त्यांनी केली. मला ही टीका अन्यायकारक वाटते. नागरिकत्व नसलेल्याने हक्क मागणे यात अंधश्रद्धा कसली? मात्र त्यामागची भीती समजण्यासारखी आहे : जे मिळते ते दुसऱ्याकडून मिळते, अशी सवय लागलेला समाज स्वतंत्र झाल्यावरही तसाच वागेल.

आगबोट

हा वाद मराठी वाचकाला अनोळखी वाटू नये. लोकहितवादींनी १८४८ पासून 'प्रभाकर'मध्ये जी शतपत्रे लिहिली, त्यांत इंग्रजांचे राज्य आले याची कारणे आपल्याच लोकांच्या आळसात, अज्ञानात आणि ब्राह्मणांच्या निरुपयोगी विद्येत शोधली होती. पुढे १८७४ पासून निघालेल्या निबंधमालेत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी त्यांच्यावर कठोर हल्ला चढवला, की स्वजनांना अशी दूषणे देऊन तुम्ही परक्यांचेच काम करता. बेन्नाबींच्या पुस्तकावर त्यांच्या देशातील राष्ट्रवादी आणि डाव्या वर्तुळांनी केलेला आरोप जवळपास याच शब्दांतला होता. एक फरक मात्र मोठा आहे. लोकहितवादी इंग्रजी राज्याला काही काळ शिक्षकाचे स्थान द्यायला तयार होते. बेन्नाबींनी फ्रेंच सत्तेला ते स्थान कधीच दिले नाही.

दोन टिंबे

माझी शंका वेगळीच आहे. संयोग घडवणारा घटक धर्म असेल, तर मग बेन्नाबी आणि त्यांच्याच काळातील इजिप्तचे इस्लामवादी विचारवंत सय्यद कुत्ब यांच्यात फरक काय उरतो? दोघेही मूळ प्रेरणेकडे परत जाण्याची भाषा करतात.

ओसरी

फरक मूलभूत आहे आणि तो खुद्द कुत्ब यांनीच नोंदवून ठेवला आहे. आपल्या एका पुस्तकाच्या नावातून त्यांनी 'सुसंस्कृत' हे विशेषण काढून टाकले, कारण इस्लामी समाज म्हणजेच सुसंस्कृत समाज, त्यामुळे ते विशेषण अनावश्यक आहे, असे त्यांचे मत झाले. यावर फ्रेंचमध्ये लिहिणाऱ्या एका अल्जीरियन लेखकाने आक्षेप घेतला, असे ते १९६४ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात नाव न घेता सांगतात. तो लेखक म्हणजे बेन्नाबी.

बेन्नाबींच्या दृष्टीने समाज मुस्लिम असूनही असंस्कृत असू शकतो. किंबहुना त्यांच्या काळातील मुस्लिम समाज तसाच आहे, हेच तर त्यांच्या सगळ्या लेखनाचे प्रमेय आहे. श्रद्धा खरी आहे एवढ्याने रस्ते, शाळा, वेळेचे भान आणि श्रमाची शिस्त येत नाही. कुत्ब यांना सगळा दोष ईश्वरी सत्ता न मानणाऱ्या व्यवस्थेत दिसतो. बेन्नाबींना तो सकाळी उठून आपले काम वेळेवर न करणाऱ्या माणसात दिसतो. गांधींविषयी त्यांनी अतिशय आदराने लिहिले त्याचेही कारण हेच, की हक्काच्या मागणीला रोजच्या कर्तव्याची जोड देणारा नेता त्यांना तिथे दिसला. आशियाई-आफ्रिकी देशांच्या १९५५ च्या बांडुंग परिषदेनंतर त्यांनी आशिया-आफ्रिकेच्या ऐक्यावर ग्रंथ लिहिला, त्यातही मुस्लिम आणि हिंदू परंपरांच्या सहकार्याला त्यांनी महत्त्वाचे स्थान दिले. कुत्ब यांच्याकडून अशा पुस्तकाची कल्पनाही करता येत नाही.

खडूफळा

१२६९ या सीमारेषेविषयीही कोणी तरी बोलायला हवे. त्या वर्षानंतर इस्लामी जग प्रवृत्तीच्या अवस्थेत गेले म्हणावे, तर चौदाव्या शतकात दमास्कसला इब्न अश्शातिर ग्रहगतीची नवी गणिते मांडत होता, पंधराव्या शतकात समरकंदला उलुगबेगची वेधशाळा उभी राहिली, १४५३ मध्ये उस्मानींनी कॉन्स्टँटिनोपल घेतले आणि त्यानंतर सफवी व मुघल साम्राज्ये उदयाला आली. स्वतः इब्न खल्दून १२६९ नंतरचाच आहे. त्या काळात सलग ऱ्हासच झाला, ही समजूत अलीकडच्या इतिहासकारांनी बऱ्याच अंशी सोडून दिली आहे. बेन्नाबींनी मगरिबचा अनुभव घेतला आणि तो जाकार्तापर्यंत ताणला, असे मला वाटते.

ओसरी

हे खरे आहे, आणि त्याचा उगम इब्न खल्दूनमध्येच आहे. त्याने प्लेगनंतरचा मगरिब पाहिला होता. शहरे आणि इमारती ओस पडल्या, वाटा आणि खुणा पुसल्या गेल्या, जणू अस्तित्वाच्याच वाणीने संकोचाची आज्ञा दिली आणि जगाने ती पाळली, असे तो लिहितो. पूर्वेकडील शहरांत विद्या अजून नांदते आहे आणि फ्रँकांच्या देशातही तात्त्विक शास्त्रांची भरभराट असल्याचे कानावर येते, हेही त्याने नोंदवले आहे. मोठ्या प्रदेशभेदाची त्याला जाणीव होती. बेन्नाबींना सूत्राचा मोह पडला आणि ती जाणीव पातळ झाली.

रानवाट

चर्चा माणसावर आणि धर्मावरच फिरते आहे. सूत्रातल्या 'माती'कडे कोणी पाहिले नाही. मी मृदसंधारणाच्या क्षेत्रात काम करते, म्हणून मला बेन्नाबींचे तेच प्रकरण सर्वांत मोलाचे वाटले. तेबेसाच्या आसपासची कसदार जमीन आपल्या डोळ्यांदेखत वाळूखाली कशी गेली, कळप कसे घटले, लोक शहरांकडे कसे सरकले, याचे वर्णन करून ते म्हणतात, की यावर एकच उपाय आहे आणि तो म्हणजे झाडे लावणे. फ्रान्सच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर सरकत्या वाळूला पाइनच्या जंगलाने थोपवले, हा दाखला ते देतात. १९४९ मध्ये, तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात, राष्ट्राच्या पुनरुत्थानाची अट म्हणून वृक्षारोपण सांगणारा दुसरा विचारवंत माझ्या वाचनात नाही. काळाविषयीही ते तितकेच व्यवहारी आहेत : प्रत्येकाने रोज अर्धा तास एखादे ठरलेले कर्तव्य करावे, एवढ्यापासूनच सुरुवात करावी, असे ते सुचवतात.

पुढे १९७० च्या दशकात स्वतंत्र अल्जीरियाच्या बूमेदियेन सरकारने 'हरित बंधारा' नावाची योजना खरोखरच हाती घेतली. पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत सुमारे दीड हजार किलोमीटर लांबीचा झाडांचा पट्टा उभारून सहारा रोखायचा, असा तो संकल्प होता. काम मुख्यतः सक्तीच्या लष्करी सेवेतील तरुणांनी केले. सगळीकडे एकच अलेप्पो पाइन लावला गेला. स्थानिक जमीन आणि पाऊसमान न पाहता लावलेली ती रोपे मोठ्या प्रमाणावर वाळली, जी जगली त्यांना पाने खाणाऱ्या अळीने ग्रासले, आणि ज्यांची चराई बंद झाली त्या पशुपालकांना कोणी विचारलेच नव्हते, त्यामुळे त्यांची शेळ्यामेंढरे आत शिरली. नंतर जातींची निवड बदलली, चाऱ्याची झुडपे आणि फळझाडे आली, मग परिस्थिती काहीशी सुधारली.

ओसरी

हा प्रतिसाद धाग्याला जमिनीवर आणणारा आहे. बेन्नाबींना तो बंधारा दाखवला असता तर ते म्हणाले असते, की माती आणि काळ यांची सांगड घातली, माणूस मात्र बाहेरच ठेवला. त्याच दशकात कारखान्यांच्या बाबतीतही हेच घडले. १९७१ च्या फेब्रुवारीत तेल आणि वायूचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्या पैशातून पोलाद, सिमेंट, ट्रॅक्टर, खते यांचे कारखाने बाहेरच्या कंपन्यांकडून तयार स्थितीत विकत घेतले गेले. अन्नाबाजवळचा एल हज्जारचा पोलाद कारखाना त्या धोरणाचे प्रतीक होता. यंत्रे आली, ती चालवणारी आणि दुरुस्त करणारी पिढी त्या वेगाने आली नाही, कारखाने क्षमतेपेक्षा कमी चालत राहिले आणि १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळताच सगळा डोलारा हलला. १९८८ च्या ऑक्टोबरमध्ये अल्जीयर्सच्या रस्त्यांवर दंगली झाल्या. वस्तूंचा ढीग रचण्याविषयी बेन्नाबींनी जे चाळीस वर्षे आधी लिहिले होते, त्याचा याहून नेमका पुरावा शोधून सापडणार नाही.

जुना नकाशा

इथेच मला थांबवावेसे वाटते. बंधारा फसला तरी बेन्नाबी खरे, कारखाने फसले तरी बेन्नाबी खरे, आणि बेन बादीस यांच्या शाळा चालल्या तरीही बेन्नाबीच खरे! तेलाच्या भावाने देश कोलमडला याचे स्पष्टीकरण तेलावरच्या अवलंबित्वात आणि जाब विचारता न येणाऱ्या एकपक्षीय सत्तेत सापडते; त्यासाठी मुवह्हिदोत्तर माणूस कल्पावा लागत नाही. आणि यशाचे जे एकमेव उदाहरण ते सतत देतात, त्या जपानचेच बघा. १८६८ नंतर जपान विद्यार्थी झाला हे मान्य, परंतु त्या विद्यार्थ्याची फी कोण भरत होते? १८७३ मध्ये त्याने जमीन महसुलाची नवी पद्धत आणली आणि त्या पैशातून शाळा, कारखाने, परदेशी तज्ज्ञ यांचा खर्च केला. त्याच १८७३ मध्ये अल्जीरियात जमिनीचा जो कायदा झाला, तो त्या जमिनी गोऱ्या वसाहतकऱ्यांच्या घशात घालणारा होता. एका देशाचा सारा त्याच्या स्वतःच्या तिजोरीत गेला आणि दुसऱ्याची जमीनच गेली. मोबेदाने बहरामला दिलेले उत्तर इथे पुरेसे आहे.

ओसरी

१८७३ ची ही जोडी मी यापूर्वी अशी शेजारी ठेवून पाहिली नव्हती, आणि बेन्नाबींच्या दोन ग्रंथांत तिला उत्तर नाही. थोडेसे उत्तर आहे ते १९५६ च्या आशिया-आफ्रिकेवरील ग्रंथात. तिथे ते एकेका समाजाच्या आंतरिक तयारीवर थांबत नाहीत. जगाची विभागणीच अशी आहे की एकट्या देशाला माणूस, माती आणि काळ यांवर ताबा मिळू शकत नाही, म्हणून वसाहतीतून सुटणाऱ्या देशांनी भांडवल, कच्चा माल आणि ज्ञान यांची एकत्र व्यवस्था केली पाहिजे, असे म्हणतात. म्हणजे बाहेरचा गुणक आपल्या हातात नाही, हे १९४९ चे गृहीत त्यांनी सात वर्षांत बरेच सैल केले. मधल्या काळात, १९५४ च्या नोव्हेंबरमध्ये, अल्जीरियाचे युद्ध सुरू झाले होते, आणि ज्या लोकांना त्यांनी वसाहतयोग्य म्हटले होते तेच लोक ते लढत होते. त्या युद्धाविषयी त्यांनी कैरोतून काय लिहिले आणि लढणाऱ्या आघाडीच्या नेत्यांशी त्यांचे का जमले नाही, हा भाग मी यात घेतलेला नाही. रानवाट यांनी हरित बंधाऱ्यावर स्वतंत्र लिहिले, तर तो भाग त्याला जोडून लिहीन.